सत्तावीस अनारसे

या, असे पुढे सरका. भिंतीला टेकलेल्यांनीही सतरंजीच्या मधोमध यावं, कारण ही गोष्ट ओरडून सांगण्यातली नाही. निमकरांच्या घरातले रुसवे आणि अबोले तुम्ही आजवर पुष्कळ ऐकलेत, आज गोड ऐका. हिच्यात तूप आहे, गूळ आहे, खसखस आहे, आणि मधे एक स्पॅनिश माणूस आहे. त्याने सोळा वर्षं खालच्या डिव्हिजनमध्ये फुटबॉलचे गोल मारले आणि एका शनिवारी भर दुपारी तो वाणाचे सहा अनारसे खाऊन बसला. देवाला कधीकधी असाच एखादा घोटाळा हवा असतो.

साल दोन हजार सात. अधिक ज्येष्ठ चाललेला. जूनच्या दुसऱ्या शनिवारी मॉरिसव्हिलच्या घरात मीनाक्षी सकाळी सहापासून कढईपुढे उभी होती. अनारशाचं पीठ पुण्याहून आलं होतं. तिची थोरली बहीण मृणालिनीताई, कीर्तनकार, तीन आठवड्यांपूर्वी सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्या, तेव्हा झांजा बॅगेत आणि पिठाचा डबा मांडीवर घेऊनच. विमानतळावरच्या बाईने डबा उघडून विचारलं, हे काय. ताई म्हणाल्या, जावयाचं. पुढे कोणी विचारलं नाही.

तेहतिसावा अनारसा झाऱ्यावर निथळला तेव्हा पीठ संपलेलं होतं. मीनाक्षीने चांदीच्या ताटात ते गोल रचले, जाळीची बाजू वर.

थोरली मुलगी आश्लेषा ओट्याशी पुऱ्या मोजत होती. ती थांबली.

"आई, ताट एकच?"

"जावई एकच आहे."

"असं काय गं करतेस. तीन वर्षांनी एकदा येतो हा महिना. हिमानीच्या लग्नाला दीड वर्ष झालं."

"झालं ना. काउंटीच्या ऑफिसात, मंगळवारी, लंच अवरमध्ये. मला कळलं बुधवारी, फोनवर." मीनाक्षीने गॅस बंद केला. "मी एलॉयला जेवू घालत नाही का? दर गुरुवारी डबा जातो. पण वाण जावयाला देतात, आशू. त्या दिवशी तो विष्णू असतो. ज्याचे पाय मी धुतले नाहीत, ज्याच्या हातात मुलीचा हात दिला नाही, तो हिमानीचा नवरा. चांगला मुलगा आहे, मी नाही म्हणत नाही."

"माझा यतीनही मीच ठरवला होता."

"मला विचारून."

आश्लेषाने पुऱ्या पुन्हा एकपासून मोजायला घेतल्या. आईशी वाद घालायचा तर आकडा चुकतोच, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

कीर्तनाला मराठी मंडळाची तीसेक माणसं यायची होती, ओट्यावर तसूभर जागा नव्हती. मीनाक्षीने ताट लाँड्री रूममध्ये नेऊन ड्रायरवर ठेवलं, वर धुतलेला पंचा झाकला. तिथे कोणी जाणार नव्हतं.

*

हिमानीने गाडी कडेला लावली, पण इंजिन बंद केलं नाही. एसीच्या वाऱ्यात ती आणि एलॉय बसून राहिली. बाहेर नव्वद फॅरनहाइटच्या वर पारा आणि हवा ओल्या फडक्यासारखी.

आज एलॉयचा शेवटचा सामना होता. चौतिसावं वर्ष, तीनदा उघडलेला गुडघा. त्याच गुडघ्यापायी तो हिमानीच्या फिजिओथेरपीच्या टेबलावर आला होता आणि मग टेबलावरून उठायचं नाव घेईना. इथल्या दुसऱ्या डिव्हिजनच्या संघाने त्याला दोन मोसम खेळवलं, आज निरोप होता. हिमानीच्या पर्समध्ये सहा तिकिटं होती. त्यातल्या एकाचं तिला काही सांगता येत नव्हतं.

"आई येणार नाही बहुतेक," ती म्हणाली. "शी'ज नॉट अँग्री विथ यू. माझ्यावर आहे. दीड वर्ष झालं, अजून कोणाला तुझी ओळख करून देताना ती जावई म्हणत नाही. मला तो एक शब्द हवाय, बाकी काही नको."

"शी सेंड्स मी फूड," एलॉय म्हणाला. "इन माय टाउन, दॅट इज द वर्ड."

दारात मीनाक्षीने त्याच्या हातातली बॅग पाहिली. "आधी जेवून घे, पुरी-भाजी आहे."

"नंतर, आई. साडेचार," तो मराठीत म्हणाला. सामन्याच्या बरोबर तीन तास आधी खायचं, हा त्याचा सोळा वर्षांचा नेम होता.

"मग भूक लागली की घे. विचारत बसू नकोस, पाहुणा आहेस का तू?"

हे ती त्याला दर वेळी म्हणायची, हिमानी दर वेळी इंग्रजीत सांगायची, आणि एलॉयने ते घरातला कायदा म्हणून मनात धरलं होतं. बॅग आणि बूट कुठे ठेवू, असं त्याने विचारलं. यतीन म्हणाला, "यार, लाँड्रीत टाक, इथे माणसं बसतील."

*

तीन वाजता नमन झालं. मृणालिनीताई नऊवारीत, गळ्यात उपरणं, फायरप्लेसपुढे उभ्या. पेटीवर शशिकांत, म्हणजे मीनाक्षीचा नवरा; तबल्यावर यतीन. ताईंनी नामाचा महिमा असा उलगडला की सॉफ्टवेअरवाले माना डोलवू लागले आणि एका काकूंचा फोन वाजला तेव्हा त्यांनी तो बंद करून चक्क कानाला हात लावला.

एलॉयला यातलं शब्दाने काही कळत नव्हतं. पण गेले तीन आठवडे तोच ताईंना गाडीतून, वाटेत तोडक्यामोडक्या इंग्रजीत आपली कहाणी सांगत, घरोघरी कीर्तनाला नेत होता, आणि मागच्या रांगेत बसून त्याला चाल कळू लागली होती. ताई आधी चेंडू मधल्या मैदानात खेळवतात, मग पूर्वरंग संपतो, हार घालतात, बुक्का लावतात, उत्तरार्धात गोल.

साडेचार झाले. तो पावलं न वाजवता उठला. बॅगेतलं केळं काढायला लाँड्री रूममध्ये गेला, आणि तुपाचा वास आला. त्याने पंचा उचलला.

पहिला घास घेतल्यावर तो बराच वेळ ड्रायरला टेकून उभा राहिला. मग त्याने मोजून सहा खाल्ले. उरलेले हलक्या हाताने पुन्हा गोल सरकवले, मधे फट दिसणार नाही असे, जाळी वर. पंचा झाकला आणि जाग्यावर येऊन मांडी घातली.

मध्यंतरात ताईंना हार घातला गेला. मीनाक्षी ताट आणायला आत गेली. आली ती ताट न घेताच, दारात उभी राहिली.

"अनारसे कोणी घेतले?"

अनारसे हा शब्द एलॉयला नवा होता, पण तिने बोटांनी केलेला गोल त्याला कळला. त्याने शाळेतल्यासारखा हात वर केला.

"मी. सहा. फार छान, आई."

यतीनला हसू फुटलं, ते त्याने तबल्यावर थाप मारून झाकलं. हिमानीचे कान लाल झाले. तिने एलॉयच्या कानाशी वाकून सांगितलं, ते देवाचं वाण होतं, तेहतीसच लागतात, यतीनचे होते. एलॉयच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "आय विल बाय," तो उठत म्हणाला. "सिक्स. व्हेअर डू दे सेल?"

"विकत मिळत नाहीत," मीनाक्षी म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्यानेच हिमानीला जास्त लागलं. "तीन दिवस तांदूळ भिजवावे लागतात." आणि ती आत गेली.

*

ताई हारासकट मागोमाग आल्या आणि त्यांनी लाँड्री रूमचं दार लोटून घेतलं.

"किती उरलेत, मिने?"

"सत्तावीस."

"पीठ?"

"संपलं. ताई, मला कोणी काही विचारतच नाही या घरात. मुलगी लग्न करते, विचारत नाही. हा ताटात हात घालतो, विचारत नाही."

"तू त्याला विचारू नकोस म्हणाली होतीस. मीच तीनदा ऐकलंय."

मीनाक्षीने ताटाकडे पाहिलं. सत्तावीस अनारसे, कडा कडेला लागलेली, एकही तुटलेला नाही. घाईत चोरून खाणाऱ्या माणसाचं हे काम दिसत नव्हतं. खाली जमिनीवर त्याचे बूट होते, एका स्वच्छ फडक्यावर. फडकं ओळखीचं होतं. पहिल्या गुरुवारी तिने डबा ज्यात बांधून पाठवला होता, ते.

"मी पुराणातलं आख्यान लावणार होते," ताई म्हणाल्या. "आता बदलते. अर्धा तास बस माझ्यासमोर. मग यतीनला दे, त्याला दे, नाहीतर फ्रीजमध्ये ठेव. तुझा हात, तुझं ताट."

"कोणाचं आख्यान?"

"ज्याने खाल्ले त्याचं."

*

झांज वाजली. ताईंनी एलॉयला खुणेने पहिल्या रांगेत बसवलं.

"पोर्तुगालच्या सीमेला लागून एक कोरडा मुलूख आहे," त्या सांगू लागल्या. "बाटलीचं बूच ज्या झाडाच्या सालीचं करतात, ती झाडं तिथे. ती साल सोलणाऱ्याच्या घरी हा जन्मला. अठराव्या वर्षी गावच्या संघात आला. चौथी डिव्हिजन. सकाळी फरशीच्या दुकानात काम, संध्याकाळी सराव, रविवारी आठ-आठ तास बस. मैदानात गवत नाही, नुसती माती. पडला की गुडघ्याची साल निघायची, बापाने झाडाची काढावी तशी. का हो शशिकांतराव, बरोबर?"

"मातीचं मैदान पहिली पाच वर्षंच, ताई," शशिकांत पेटीवरून म्हणाला. "नंतर गवत होतं."

मीनाक्षीने मान वळवली. तुम्हाला काय माहीत, असं तिच्या तोंडावर आलं होतं, पण कीर्तनात मधे बोलत नाहीत.

"सहाव्या वर्षी याच्या संघाला वर चढायची संधी आली. शेवटचा सामना, मिनिट एकोणनव्वद..."

"डोक्याने," शशिकांत म्हणाला. त्याचे हात पेटीवरून सुटले होते. "कॉर्नर आला, हा दोघांच्या मधून उडाला. संघ तिसऱ्या डिव्हिजनमध्ये गेला. गाव कारंज्यात नाचलं. आणि ऑगस्टमध्ये याला पत्र: आभारी आहोत, आता वरच्या दर्जाचा स्ट्रायकर घेतोय. हा परत खाली. दुसऱ्या गावाला, तिथेही तेच. तिसऱ्या वेळी गुडघ्याला पट्टी बांधून दोन गोल, संघ वर, हा खाली."

"निमकर," मीनाक्षी शेवटी म्हणालीच, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

खोलीतल्या तीस माणसांनी शशिकांतकडे पाहिलं. त्याने पेटीचा भाता उगाच दाबला, एक सूर निघाला.

"त्यानेच. सामना संपला की पार्किंग लॉटमध्ये."

"तुम्ही सामन्यांना जाता?"

"दोन मोसम."

"दर शनिवारी तुम्ही नळाचं वायसर आणायला हार्डवेअरच्या दुकानात जाता."

"वायसर आणलंय एक," शशिकांत म्हणाला. "गाडीत आहे."

आता हसू कोणालाच आवरलं नाही. तबल्यामागे यतीनने हात वर केला. "आई, कबूल करतो, मीही जातो. बाबांबरोबर." आश्लेषाने नवऱ्याकडे असं पाहिलं की त्याने हात खाली घेतला. हिमानीलाही यातलं काही माहीत नव्हतं; शनिवारी संध्याकाळी ती क्लिनिकमध्ये असायची. तिने बापाकडे पाहिलं, आणि तिला तो पेटीमागे लपलेला, टक्कल पडलेला माणूस एकदम फार आवडला.

"मी त्याला विचारलं एकदा," शशिकांत म्हणाला, आता फक्त मीनाक्षीला उद्देशून, "की तीनदा असं झालं, राग नाही आला? तर म्हणाला, बाबा, त्या तिन्ही गावांत आजही मला रस्त्यात थांबवून कॉफी पाजतात."

ताईंनी याच क्षणाची वाट पाहिली असावी. त्यांनी चिपळ्या उचलल्या, आणि तिथल्या तिथे बांधलेली ओवी खालच्या पट्टीत गायल्या:

"तीन गावे नेली पार ।
आपण राहिला अलीकडे ।
नाव ज्याची, हात ज्याचे ।
पाय न लागे पलीकडे ॥"

दुसऱ्या फेरीला शशिकांतने सूर धरला, तिसरीला सगळी खोली. एलॉयला शब्द कळले नाहीत, पण लोक आपल्याकडे बघून गाताहेत हे त्याला कळलं. सोळा वर्षांत ते त्याला नवं नव्हतं, तरी तो खाली पाहत राहिला.

गजर थांबला. ताईंनी उपरणं सावरलं.

"एक कोडं मात्र मला सुटत नाही. ज्याला आवडलं तो बारा खातो. ज्याला लाज वाटली तो एक खाऊन हात पुसतो. सहा कोण मोजून खातं? हिमानी, विचार बाळ त्याला."

हिमानीने विचारलं. एलॉय इंग्रजीत बोलू लागला, मग त्याचं इंग्रजी संपलं आणि तो स्पॅनिशवर गेला. हिमानीने त्याला दोनदा थांबवलं, कारण तिला ते पहिल्यांदाच कळत होतं.

"त्याची आई," ती म्हणाली, "रेमेदिओस. सामन्याच्या दिवशी साडेचारला ती त्याला तळलेलं गोड द्यायची. पीठ, मध, बडीशेप, वरून तीळ. सहा. कमी नाही, जास्त नाही. पाच खाल्ले तर धाव संपते, सात खाल्ले तर पोट जड होतं, असं तिचं मत. बाहेरगावचा सामना असला की फडक्यात बांधून बसमध्ये. ती गेली त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून हा साडेचारला केळं खातो. तो म्हणतो, आज शेवटचा सामना, आणि ड्रायरवर ताट झाकून ठेवलेलं. मला वाटलं, आईने माझ्यासाठी ठेवलंय. म्हणून विचारलं नाही."

कोणती आई, हे त्याने सांगितलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नाही.

*

मीनाक्षी उठली. कीर्तनात आरतीआधी उठायचं नाही, हा नियम तिनेच आयुष्यभर मुलींना घातलेला. आतून परात ओढल्याचा आवाज आला, नळ सुरू झाला, ठिबकणारा तोच. ती आली तेव्हा एका हातात कोमट पाण्याचा तांब्या होता, दुसऱ्यात परात.

"हिमानी, त्याला मोजे काढायला सांग."

"आई?"

"सांग म्हटलं ना. साडेपाच होतायत, त्याला सामन्याला जायचंय."

एलॉयने मोजे काढले. मीनाक्षी खाली बसली. पाटावरच्या जावयाचे पाय तिने याआधी एकदाच धुतले होते, यतीनचे. ते मऊ, पांढरे, खुर्चीवर बसणाऱ्याचे पाय होते. हे वेगळे होते. अंगठ्याचं नख काळं, दोन बोटांना नखंच नाहीत, घोट्याचं हाड एका बाजूला सरकलेलं. तिने पाणी घातलं आणि अंगठ्याभोवती बोट फिरवलं.

"दुखतं का रे?"

हे त्याला भाषांतराशिवाय कळलं. "हरलो तर," तो म्हणाला.

तिने पदराने पाय पुसले. मग हात धुऊन ताट आणलं, मधे दिवा ठेवला.

"आई," यतीन तबल्यामागून म्हणाला, "माझ्या तेहतिसांचं काय झालं, एवढं जाता जाता सांग."

"तुला गेल्या अधिकात मिळालेत. इकडे ये. तू थोरला, दिवा विझू देऊ नकोस, हाताचा आडोसा धर."

यतीन आला आणि एसीच्या वाऱ्याकडे पाठ करून ज्योतीला ओंजळ धरून बसला. तो इतका खूश दिसत होता की आश्लेषाने त्याला माफ केलं.

"ताई," मीनाक्षीने विचारलं, "सत्तावीस चालतात?"

"शास्त्र मला विचारतेस, तर तेहतीसच लागतात."

"मग बरोबर आहे. सत्तावीस ताटात आहेत, सहा आधीच पोचलेत." तिने ताट एलॉयच्या ओंजळीत दिलं. ताट चांदीचं आणि जड होतं. "हिमानी, मंडळींना सांग. आमचे धाकटे जावई. आज सामना आहे त्यांचा."

हिमानी त्या जड ताटाला खालून हात लावत होती. मग ते शशिकांतनेच सांगितलं, पेटीवरून, गरजेपेक्षा बरंच मोठ्याने.

ताईंनी एलॉयच्या कपाळाला बुक्का लावला आणि आरती आयुष्यात नसेल इतकी जलद लयीत घेतली.

*

सामन्यात त्याला शेवटची वीस मिनिटं मिळाली. संघातल्या मुलांनी विचारलं, कपाळावर हे काळं काय; तो म्हणाला, फॅमिली. वरच्या बाकांवर निमकर मंडळी रांगेने बसली होती, मीनाक्षीच्या मांडीवर चांदीचं ताट, कारण ते गाडीत ठेवायला तिला धीर झाला नव्हता. ताईंनी झांजा आणल्या होत्या. गेटवरच्या माणसाने त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि सोडल्या.

बरोबरी होती. सहा मिनिटं उरली असताना चेंडू एलॉयकडे आला, समोर फक्त गोलकीपर. शशिकांत उभा राहिला. मीनाक्षीही उभी राहिली, कशासाठी ते न कळता. एलॉयने पाय उचलला, आणि चेंडू हलकेच डावीकडे दिला, एकोणीस वर्षांच्या एका पोराकडे. पोराने तो जाळ्यात घातला. झांजा अशा वाजल्या की पुढच्या रांगेतल्या गोऱ्या आजोबांच्या हातातलं पॉपकॉर्न सांडलं. मीनाक्षीने त्यांना भरपाई म्हणून अनारसा दिला.

नंतर कठड्याशी ती त्याला म्हणाली, "स्वतः का नाही मारलास?"

"तो मोकळा होता, आई."

"पुढच्या वेळी तू मार." पुढची वेळ नाही, हे तिच्या लक्षात आलं नाही, आणि त्यानेही मान डोलावून हो म्हटलं.

तर मंडळी, घरी जा. आपापल्या जावयांना, सुनांना, लेकींना जे वाढायचं ते वाढा. एवढंच मागणं आहे: कधी गोडाचं ताट मांडलंत, तर पहिले सहा ठेवताना त्या बाईची आठवण काढा. बुचाच्या झाडांच्या मुलखातली, साल सोलणाऱ्याची बायको, आपण कोणी तिला पाहिलं नाही. पाच कमी, सात जास्त, हे जिला ठाऊक होतं. रेमेदिओस तिचं नाव. ते विसरू नका.